आधीच येऊन गेलेले

लायल पिकरिंगने ट्रेलरची जोडणी हाताने हलवून बघितली, साखळी ओढून बघितली आणि मागच्या दिव्यांसाठी बायकोला हाक मारली.

"डावा?"

"लागला."

"उजवा?"

"लागला."

"ब्रेक?"

"लागला. आणि माझा चहा गार झाला," ग्लेनिस म्हणाली.

लायलने रेल्वेत सिग्नल दुरुस्त करण्यात उभा जन्म काढला होता. लाल दिवा लागला आहे हे दोन माणसांच्या डोळ्यांनी बघितल्याखेरीज त्याचा जीव थाऱ्यावर येत नसे. ग्लेनिसला त्याची सवय झाली होती. चहाची ती चेष्टा फक्त सवयीने निघाली होती.

ही फिरती तिच्याच डोक्यातून निघाली. मागच्या हिवाळ्यात त्यांची ओळखीची माणसं एकामागून एक गेली. शेवटच्या दफनाहून परतताना ग्लेनिसने गाडीत टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाली, "हे असं शवपेटीपाशी भेटण्यापेक्षा चहाच्या कपापाशी भेटू या ना. जे उरलेत त्यांना तरी." महिन्याभरात लायलने एक जुना कॅम्पर ट्रेलर घेतला. उघडला की बाजूला तंबू, वर पलंग, मागे ओढून काढायची चूल. त्याने स्वतः त्याची चाकं बदलली, कॅनव्हास शिवला. एप्रिलमध्ये, तिकडचा शरद लागल्यावर, दोघं अरारतच्या घरून निघाले. तीन घरं ठरली होती. मॅलीच्या कोरडवाहू मुलखात गव्हाची शेती करणारे नेव्ह आणि जॉय, ओयेनजवळ एकटी राहणारी थेल्मा, आणि मरी नदीच्या पलीकडे पूनकेरीला मेंढ्या पाळणारा कीथ.

उत्तरेकडे जाताना झाडं ठेंगणी होत जातात आणि आभाळ वाढत जातं. त्या वर्षी शरदातला पाऊस आलाच नव्हता. पेरण्या खोळंबल्या होत्या. मागच्या हंगामाची धसकटं जमिनीत तशीच उभी होती आणि वाऱ्याबरोबर लाल माती रस्त्यावरून सापासारखी सरपटत जात होती. एका गावात खानावळ बंद, दुसऱ्यात बँक, पोस्ट आणि चर्च बंद. तिसऱ्यात फुटबॉलच्या मैदानावर गोलचे खांब उभे होते, पण मैदानात कंबरेएवढं गवत वाळून गेलं होतं.

"इथे मी नेटबॉल खेळले होते," ग्लेनिस म्हणाली. "जिंकलो होतो की हरलो होतो, आठवत नाही."

"हरला होतात."

"तुला काय माहीत?"

"तू जिंकलेलं कधी विसरत नाहीस."

नेव्हच्या फाटकातून आत शिरले तेव्हा दुपार कलत होती. नेव्ह शेडमधून हात पुसत बाहेर आला. डोळ्यांवर हात धरून त्याने गाडीकडे बघितलं, आणि बघतच राहिला.

"काय विसरलात?" त्याने विचारलं.

"तुला विसरलो होतो, म्हणून आलो," लायल उतरत म्हणाला.

नेव्ह हसला नाही. एरवी असल्या फुसक्या विनोदावर तो मांडीवर थाप मारायचा. जॉय जाळीचं दार ढकलून व्हरांड्यात आली. "अगं ग्लेनिस, मागे का फिरलात? गाडीला काही झालं का?"

ग्लेनिसने तिला मिठी मारली. "मागे कुठे फिरलो? आत्ता तर पोचतोय. सात वर्षांनी बघतेय तुला."

जॉयने मिठीत तशीच उभी राहून खांद्यावरून नवऱ्याकडे बघितलं.

नेव्हची थट्टेची खोड जुनी होती. दोघांनी मिळून काहीतरी ठरवलं असेल, असं लायलला वाटलं. चहाबरोबर डब्यातली बिस्किटं आली. जॉय ओशाळून म्हणाली, "मी भाजलेले स्कोन सगळे सकाळीच तुम्हाला बांधून दिले." हेही त्याने थट्टेतच जमा केलं. मात्र ती म्हणताना हसत नव्हती, आणि सिंकमध्ये चार माणसांच्या नाश्त्याच्या बशा निथळत होत्या.

तो ट्रेलर लावायला शेडमागे गेला. तिथे निलगिरीच्या झाडाखाली सपाट जागा होती. वाळलं गवत एका लांबट चौकोनात दबलेलं होतं. त्याने ट्रेलर मागे घेतला तेव्हा चाकं आधीच्या चाकोरीत जाऊन बसली. तंबू उघडला. पहिली खुंटी जमिनीला टेकवली आणि हातोडीसाठी मागे वळला, तेवढ्यात खुंटी आपोआप आत गेली. तिथे भोक होतं. दुसऱ्या कोपऱ्यातही होतं. त्याने शिवलेला कॅनव्हास एका अंगाने थोडा तिरका ओढला जायचा, त्यामुळे तिकडची खुंटी बाकीच्या खुंट्यांपेक्षा वीतभर बाहेर ठोकावी लागे. भोकही वीतभर बाहेर होतं. हातोडी न लावता तो सगळ्या खुंट्या बसवत गेला, मग उकिडवा बसून राहिला.

ग्लेनिसला त्याने हे सांगितलं नाही.

रात्रीच्या जेवणाला मटणाच्या चापा आणि उकडलेले बटाटे होते. नेव्ह एकदा म्हणाला, "तो डॉक्टर म्हणाला की..." आणि थांबला. "जाऊ दे. काल सगळं सांगून झालंय. पुन्हा नाही सांगवत मला."

"कुठला डॉक्टर, नेव्ह?" ग्लेनिसने विचारलं.

नेव्हने काटा ताटात ठेवला. त्याच्या डोळ्यांत जे आलं तो राग असता तर बरं झालं असतं. "ग्लेनिस, तू माझा हात धरून बसली होतीस. इथेच. या खुर्चीवर."

ग्लेनिसने ताटं गोळा केली. भांडी पुसताना जॉय हळूच म्हणाली, "काल तू जे बोललीस ना, त्याने मला फार धीर आला."

"काय बोलले मी?"

जॉयने फडकं खुंटीला अडकवलं आणि ती झोपायला गेली.

सकाळी निघताना नेव्हने हात हलवला, पण फाटकापर्यंत आला नाही. इतक्या लांबून ज्यासाठी आले ते बोलणं, ते रडणं, तो निरोप, सगळं आधीच कुणीतरी घेऊन गेलं होतं. त्यांच्या वाट्याला उष्टी ताटं तेवढी उरली होती.

"नेव्हचं डोकं गेलं असेल," गाडीत लायल म्हणाला. "आजाराने होतं तसं."

"आणि जॉयचं?"

"नवऱ्याला खोटं पाडू नये म्हणून ती हो ला हो करत असेल."

"स्कोन?"

लायलने आरशात बघितलं. मागे ट्रेलर नीट येत होता. "एकटी पडलेली माणसं आहेत ती, ग्लेनिस. मैलोन् मैल चिटपाखरू नाही. वाट बघून बघून माणसाला पाहुणे आल्यासारखे वाटत असतील."

ग्लेनिस खिडकीतून बाहेर बघत राहिली. गव्हाच्या कोठारांच्या उंच मनोऱ्यांवर गुलाबी काकाकुव्यांची रांग बसली होती. मग ती म्हणाली, "मी तिला काय सांगितलं असेल, ज्याने धीर येतो? मला माहीत असतं तर मी स्वतःला सांगितलं असतं."

थेल्मा आणि ग्लेनिस तरुणपणी एकाच इस्पितळात नर्स होत्या. थेल्माचा नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. ओयेनच्या कडेला, रुळांपासून थोड्या अंतरावर तिचं पत्र्याचं घर होतं. ते पोचले तेव्हा ती दोरीवरच्या चादरी काढत होती. गाडी बघून तिने चादर तशीच टोपलीत टाकली, धावत आली, आणि ग्लेनिस दार उघडून उतरते आहे हे बघून तोंडावर हात धरून उभी राहिली.

"उतरलीस," ती म्हणाली. "बरं झालं बाई. तोंडावर रंगही आलाय. परवा मला वाटलं, मी काय पाप केलं."

ग्लेनिसचा हात गाडीच्या दारावरच राहिला. "परवा?"

"रात्रभर डोळ्याला डोळा नाही लागला माझ्या."

"थेल्मा, परवा आम्ही घरीच होतो. अरारतला. सामान भरत होतो."

थेल्माने एकदा तिच्याकडे, एकदा लायलकडे बघितलं. मग जुन्या सवयीने तिने ग्लेनिसचं मनगट धरलं, नाडीवर बोटं ठेवली आणि तशीच तिला घरात घेऊन गेली.

स्वयंपाकघरात बसल्यावर तिने सांगितलं. परवा ते दोघं आले. हीच गाडी, हाच ट्रेलर. लायल उतरला. त्याने अंगणात उभ्या उभ्या चहा घेतला. ग्लेनिस मात्र गाडीत काचा वर करून बसून राहिली.

"मी काचेवर टकटक केलं. तू बोटभर काच खाली केलीस. म्हणालीस, लायलने सांगितलंय की नजरेआड व्हायचं नाही. मी म्हटलं, अगं, आत चल, माझं स्वयंपाकघर ते, तिथून तुला कोण पळवून नेणार? तू रडायला लागलीस. मग काच वर केलीस."

"आणि मी?" लायलने विचारलं.

थेल्मा त्याच्याशी बोलताना टेबलाकडे बघत होती. "तू सारखा रस्त्याकडे बघत होतास. ज्या बाजूने आलात त्या बाजूला. मी विचारलं, कुणी येणार आहे का मागून. तू कप ठेवलास आणि निघालास."

चूल पेटलेली होती, किटली गुणगुणत होती. लायलला आपल्या पाठीमागचं उघडं दार जाणवलं. तो उठला आणि त्याने ते लावून घेतलं. नंतर त्याच्या लक्षात आलं की आपण लावण्याआधी बाहेर बघितलं, रस्त्याकडे.

त्या दिवसापासून त्याने ग्लेनिसला नजरेआड होऊ दिलं नाही. ठरवून असं नाही. ती अंगणात गेली की तो अंगणात जाई. ती न्हाणीघरात असली की तो दाराशी काहीतरी दुरुस्त करत बसे. ग्लेनिसने पहिल्यांदा चेष्टा केली, मग ती सोडून दिली. थेल्माने निरोप देताना तिला फार वेळ धरून ठेवलं आणि लायलला म्हणाली, "सांभाळ रे हिला." ज्याच्यापासून सांभाळायचं त्यालाच आपण हे सांगतो आहोत, असा काहीसा भाव तिच्या चेहऱ्यावर होता. लायलला तो कळला नाही. तिलाही बहुधा कळला नसावा.

वेंटवर्थला दोन नद्या मिळतात. काठावर बाकं आहेत. तिथे ते जेवायला थांबले. डाव्या नदीचं पाणी हिरवं, उजवीचं दुधाळ मातकट, आणि दोन्ही बराच वेळ एकमेकांत न मिसळता शेजारून वाहत होती. इथून पूनकेरी काही तासांवर होतं. ग्लेनिस संत्रं सोलत होती. लायलचा फोन वाजला. कीथ होता.

"लायल, कुठे आहेस तू?" कीथचा आवाज दबका होता, आजाऱ्याच्या खोलीत बोलतात तसा. "सकाळी शेडमध्ये बघतो तर तू नाहीस. गाडी नाही. एक शब्द टाकून जायचंस रे."

"कीथ, आम्ही वेंटवर्थला आहोत. संध्याकाळपर्यंत पोचू."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"आम्ही म्हणजे कोण?"

"मी आणि ग्लेनिस."

"लायल." कीथने श्वास घेतलेला ऐकू आला. "ऐक माझं. गाडी चालवू नकोस. आहेस तिथेच बस. मी येतो तुला न्यायला. तू पुन्हा त्या टाकीपाशी गेला होतास का? पोलिसांनी सांगितलंय ना तुला, त्यांना काही मिळालं तर ते कळवतील. तिथे रोज जाऊन बसून काय मिळणार आहे?"

"कुठली टाकी?"

ग्लेनिसने संत्रं बाकावर ठेवलं, हात पुसले आणि लायलच्या हातातून फोन घेतला. "कीथ, मी बोलतेय. ग्लेनिस. हा काय पोरखेळ लावलाय तुम्ही सगळ्यांनी?"

लायलने कान फोनजवळ नेला. कीथ म्हणत होता, "लायल? लायल, आहेस का? वाऱ्याचाच आवाज येतोय नुसता. लायल?"

"मी ग्लेनिस," ती मोठ्याने म्हणाली. शेजारच्या बाकावरचं जोडपं वळून बघायला लागलं.

"वाराच येतोय रे," कीथ म्हणाला, आणि फोन कटला.

नदीकाठी वारा नव्हता. झाडाचं पानही हलत नव्हतं.

ग्लेनिसने फोन त्याच्या खिशात घातला. संत्र्याच्या दोन फोडी काढल्या, एक त्याला दिली. "घरी जाऊ या," ती म्हणाली.

"हो."

"ती टाकी पुढे असणार. पूनकेरीच्या रस्त्यावर कुठेतरी. आपण तिकडे जायचंच नाही. संपलं."

"थेल्माच्या रस्त्यानेही नको," लायल म्हणाला. "जे ज्या रस्त्याने गेले, तो रस्ताच नको." आपण 'जे' म्हणालो, हे त्याला ऐकू आलं. आपल्या पुढे गेलेलं ते जोडपं खरंच असल्याचं त्याने पहिल्यांदाच मान्य केलं होतं.

ते पूर्वेला वळले आणि रॉबिनव्हेलवरून दक्षिणेला जाणारा आतला रस्ता त्यांनी धरला. मनंगटंग गावाकडे जाणारा हा रस्ता त्यांच्यापैकी कुणीच कधी पकडला नव्हता. दोन्ही बाजूंना मॅलीची खुरटी झाडं, एकाच बुंध्यातून पाच-सहा फांद्या फुटलेली, आणि मध्ये डांबराची सरळ पट्टी. समोरून गाडी येत नव्हती, मागून येत नव्हती. लायलला हलकं वाटायला लागलं. ग्लेनिसने पाय वर घेतले आणि घरी गेल्यावर काय काय करायचं ते बोलायला लागली. गुलाब छाटायचे होते. पर्थमधल्या मुलीला फोन करायचा होता.

"आणि नेव्हला पत्र लिहीन," ती म्हणाली. "मी त्याचा हात धरला होता असं त्याला वाटत असेल तर वाटू दे. धरला असताच की मी."

थोड्या वेळाने ती म्हणाली, "मला जायला हवं."

"मनंगटंगला जा."

"लायल, माझं वय काय, मनंगटंग किती लांब."

त्याने गाडी लगेच थांबवली नाही. बरीच वाट तो जागा बघत राहिला. शेवटी एके ठिकाणी झाडं विरळ होती, जमीन उघडी होती, कुंपणाची तार, रस्ता, आभाळ, बस. टाकी नव्हती. घर नव्हतं. त्याने गाडी कडेला घेतली आणि उतरून चहूकडे बघितलं.

ग्लेनिस उतरली तेवढ्यात गव्हाचा एक लांब ट्रक आला. ड्रायव्हरने बोट उचलून सलाम केला. ट्रक गेल्यावर ती म्हणाली, "इथे उघड्यावर नाही बसणार मी. त्या झाडांमागे जाते."

"मी येतो."

"अठ्ठेचाळीस वर्षं संसार केला तुझ्याशी. एवढं तरी एकटीने करू दे." मग त्याचा चेहरा बघून ती मऊ झाली. "बोलत राहते. आवाज ऐकत राहा. आवाज आला की मी आहे."

झाडं पंधरा-वीस पावलांवर होती. ती गेली. तिची निळी टोपी पानांआडून थोडी दिसत होती, मग दिसेनाशी झाली.

"चापा बाहेर काढून ठेवल्यात मी," तिचा आवाज आला. "आज खायलाच हव्यात. पुन्हा गोठवता येत नाहीत त्या."

"बरं," लायल म्हणाला.

"कांदे आहेत. बटाटे बहुतेक एकच उरलाय."

"पुरेल."

"तुला पुरेल. मला नाही पुरणार." वाळली पानं पायाखाली चुरल्याचा आवाज. "इथे मागे जुनं काहीतरी आहे. पत्र्याचं. गंजलंय सगळं."

लायलने पाऊल उचललं.

"अरे," ग्लेनिसचा आवाज आला. तो हसरा होता. दचकलेला नव्हता. "तू इकडून कसा आलास?"

लायल गाडीपाशी उभा होता. त्याचा हात बॉनेटवर होता. पत्रा गरम होता.

"बरं," ती म्हणाली. "चल."

तो धावला.

झाडांमागे कुणी नव्हतं. पुढे एक खोलगट जागा होती, रस्त्यावरून न दिसणारी. त्यात जुनी पाण्याची टाकी होती, एका अंगाला कललेली. टाकीभोवती पोलिसांची निळी-पांढरी फीत बांधलेली होती. उन्हाने तिचा रंग उडाला होता आणि एक टोक सुटून जमिनीवर लोळत होतं.

त्याने हाका मारल्या.

घसा बसेपर्यंत मारल्या.

मग रस्त्याच्या मधोमध उभं राहून, जिथे फोन लागला तिथून, त्याने पोलिसांना बोलावलं. नाव सांगितलं, जागा सांगितली. पलीकडची बाई सावकाश म्हणाली, "मिस्टर पिकरिंग, तुम्ही पुन्हा तिथे गेलात का?"

कॉन्स्टेबल डोहर्टी रॉबिनव्हेलहून आली. तिशीतली, उन्हाने नाक सोललेली बाई. तिला लायलचं नाव माहीत होतं, तो चहात साखर घेत नाही हेही माहीत होतं. तिने थर्मासमधून त्याला चहा दिला. त्याने सगळं सांगितलं. आत्ताच. आत्ताच गेली. तासही झाला नाही.

"तुमची पत्नी मागच्या आठवड्यात हरवली," ती म्हणाली. "आम्ही विमानाने बघितलं, माणसं लावून बघितलं. तुम्ही आमच्याबरोबर होतात."

नेव्हकडे ते एक दिवस पुढे होते, थेल्माकडे दोन, आणि इथे आठवडाभर. "ती दुसरी होती," लायल म्हणाला.

"दुसरी कोण?"

तो गाडीकडे गेला. गाडीत तिची पर्स होती, चष्मा होता, अर्धं संत्रं होतं. त्याने ते दाखवलं. कॉन्स्टेबलने ते हळुवारपणे बघितलं. गेलेल्या माणसाच्या वस्तू कुणी दाखवल्या तर बघतात, तसं.

तरी ती टाकीपर्यंत आली. लाल माती मऊ होती. ग्लेनिसच्या सपाट बुटांचे ठसे झाडांमधून खाली उतरत होते. ताजे होते, कडा अजून ढासळल्या नव्हत्या. कॉन्स्टेबल पहिल्यांदाच थबकली आणि वाकली. टाकीच्या सावलीत माती दबली होती, तिथे कुणीतरी बराच वेळ बसलं होतं. तिथून पुरुषाच्या बुटांचे ठसे निघून ग्लेनिसच्या ठशांना मिळाले होते. मग दोन्ही ठसे शेजारी शेजारी, घाईशिवाय, संध्याकाळी फिरायला निघाल्यासारखे, पलीकडच्या कडक चिकणमातीपर्यंत गेले होते. पुढे काही उमटत नव्हतं.

"पाय दाखवता?" ती म्हणाली.

लायलने बूट वर केला. डाव्या टाचेला त्याने स्वतः रबराचा तुकडा चिकटवला होता. मातीतही तो तुकडा होता.

"तुम्ही इथे येऊन बसता, ते आम्हाला माहीत आहे," कॉन्स्टेबल म्हणाली. ग्लेनिसच्या ठशांबद्दल ती काही बोलली नाही. पुन्हा पुन्हा त्यांच्याकडे बघत मात्र राहिली. मग तिने कीथला फोन लावला.

कीथ अंधार पडायच्या आत आला. त्याने लायलला मिठी मारली आणि म्हणाला, "चल, घरी चल." हे त्याने आधीही केलेलं होतं, हे त्याच्या हातांवरून कळत होतं. लायलने कुणाला काही सांगायचा प्रयत्न सोडून दिला. त्याची बायको त्याच्यापासून वीस पावलांवर गेली होती आणि तिला शोधून झालेलं होतं. तिच्यासाठी रडूनही झालेलं होतं. थेल्माने फोनवर सांत्वन केलं ते सुद्धा थकलेलं, दुसऱ्यांदा केलेलं वाटलं. पर्थहून मुलगी म्हणाली, "बाबा, आपण यावर बोललोय." ज्या दुःखाला जगात जागाच उरलेली नाही, असं दुःख घेऊन तो कीथच्या शेडमध्ये राहिला.

कीथ भला माणूस. सकाळी चहा आणून ठेवायचा, संध्याकाळी न खाल्लेलं ताट उचलायचा. एकदा लायलने त्याला विचारलं, "त्या दिवशी मी इथून निघून गेलो, तू फोन केलास, त्या दिवसानंतर तो परत आला नाही ना?"

"कोण तो?"

"मी."

कीथने ताट उचललं. "तू आहेस की इथेच," तो म्हणाला.

लायलने त्यावर बराच विचार केला. तो मनाने सरळ माणूस होता. ज्याची बायको गेली त्याने मागून येणाऱ्या ग्लेनिससाठी काय केलं असेल, हे समजायला त्याला फार लांब जावं लागलं नाही. आणि समजल्यावर त्याला त्या माणसाचा राग येईना. तो प्रयत्न करत राहिला, पण येईना. राग आला असता तर तो वाचला असता.

एका सकाळी कीथ मेंढ्यांकडे गेला असताना लायल उठला. पाणी तापवून त्याने दाढी केली. कित्येक दिवसांनी करत होता, गालांची कातडी सैल लागली. त्याने केस ओले करून मागे फिरवले. शर्ट धुऊन इस्त्री केलेला होता. गाडी काढून तो मनंगटंगच्या रस्त्याला आला. ती जागा त्याने ओलांडली, पुढे एका शेतवाटेने आत जाऊन गाडी आणि ट्रेलर झाडांत अशा उभ्या केल्या की रस्त्यावरून दिसू नयेत. चालत मागे आला. खोलगटात उतरला. फितीचं सुटलेलं टोक त्याने गुंडाळून टाकीमागे सारलं.

टाकीच्या सावलीत तो बसला. माती थंड होती.

दिवस वर आला. बराच वेळ काही नव्हतं. मग उत्तरेकडून एका गाडीचा आवाज आला, मंद होत गेलेला, आणि मागे ट्रेलरच्या साखळीची खळखळ. गाडी थांबली. दारं उघडली. गव्हाचा एक ट्रक गेला. एक बाई काहीतरी म्हणाली, एक पुरुष काहीतरी म्हणाला. मग वाळली पानं चुरायला लागली, आणि ती चापांबद्दल बोलत बोलत जवळ यायला लागली.

लायल उठला. विजारीवरची माती झटकली. आणि ती दिसायच्या आत, आवाज न करता, एकदा, दोनदा, हसून बघितलं.